केस लांब वाढवायचे आहेत : पैसे वस्तूंवर घालावेत की निगा बदलावी?

वानकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातील एका गावात राहते. घरची शेती आहे आणि जोडीला शिवणकाम करते. माझे वय २८ आहे. माझे केस पाठीच्या मध्यापर्यंत येऊन गेल्या तीन वर्षांपासून तिथेच थांबले आहेत. आईची वेणी या वयात कंबरेखाली होती, त्यामुळे घराण्यातच केस आखूड आहेत असेही म्हणता येत नाही. नळाला वान धरणाचे पाणी येते, पण रोज येत नाही, म्हणून ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून मी आठवड्यातून दोनदा बोअरच्या पाण्याने न्हाते. आमचा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारट असलेल्या पट्ट्यात मोडतो, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. आतापर्यंत तीन प्रकारची तेले आणि दोन शाम्पू वापरून झाले. महिन्याला ३०० रुपयांपेक्षा जास्त खर्च मला शक्य नाही. हे ३०० रुपये एखाद्या चांगल्या वस्तूवर घालावेत, की धुण्याची, विंचरण्याची, बांधण्याची पद्धत बदलावी? ज्यांनी स्वतः केस वाढवले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

अकोटची_सून

ताई, तुमच्यासारखाच प्रश्न मलाही होता. मी अकोल्याहून शाम्पू, कंडिशनर आणि केसांचा मास्क असा पूर्ण संच आणला. त्याला २,४०० रुपये लागले, परंतु पहिल्याच धुण्यात केस इतके मऊ झाले की सासूबाईंनीही विचारले. स्वस्त वस्तू घेऊन वर्षे घालवण्यापेक्षा एकदाच चांगली वस्तू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. माझे केस आठ महिन्यांत बरेच वाढले. कात्री मात्र अजिबात लावू नका, कारण वाढलेले केस कापले तर मेहनत वाया जाते.

धानपट्टा

मी गोंदिया जिल्ह्यातील आहे. माझ्या आजीचे केस वयाच्या सत्तराव्या वर्षी गुडघ्याला टेकत होते आणि तिने आयुष्यात शाम्पू पाहिला नव्हता. ती तिळाच्या तेलात माका, जास्वंदाची फुले आणि कढीपत्ता मंद आचेवर कढवत असे, पानांतील पाणी पूर्ण आटले म्हणजे तेल उतरवून गाळत असे आणि डोके रिठ्याने धुत असे. मी तेच तेल करते आणि माझी वेणी कंबरेपर्यंत आहे. वस्तू आणि पद्धत असा वाद घालण्यापेक्षा डोक्याला तेल मुरू द्यावे. रात्री लावावे, सकाळी धुवावे. कात्रीबाबत अकोटच्या ताईंशी मी सहमत आहे.

गोळ्याऔषधे

मी वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो आणि केसांच्या वस्तू मी रोज विकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटीमीटर. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे, क्वचित त्याहून अधिक काळ वाढत राहतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्याच जागी नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे हे या चक्राचाच भाग आहे. हा वाढीचा काळ बहुतांशी आनुवंशिक असतो आणि बाहेरून लावलेल्या तेलाने तो लांबत नाही. त्वचेबाहेर आलेला केस हा मृत केराटिन, म्हणजे नखांतही असते तसे प्रथिन असतो. त्याला पोसता येत नाही, फक्त जपता येते. म्हणून 'केस वाढवणारे' असे बाटलीवर वाचले की मी ग्राहकाला आधी विचारतो की केस मुळातून कमी वाढत आहेत की वाढूनही टोकाशी तुटत आहेत.

तेलाचा उपयोग आहे, पण तो वेगळा आहे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला होता. धुण्याआधी किंवा धुतल्यानंतर खोबरेल लावले तर केसातील प्रथिनांची झीज कमी होते आणि बाकीच्या दोन तेलांनी तसे होत नाही, असे त्यात आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते, हे त्याचे कारण. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केला होता, ही गोष्ट मी लपवणार नाही.

धानपट्टा

आमच्याकडे नारळ होत नाही, तीळ आणि जवस होतात. आमच्या आज्यांचे केस काय खोबरेलाने वाढले होते? जवसाच्या तेलाबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही, याचे मला वाईट वाटले.

गोळ्याऔषधे

जवस खाण्यासाठी उत्तम आहे. जवसाची चटणी रोज ताटात असावी असे मी स्वतः सांगतो. परंतु जवसाचे तेल हवेत लवकर खवट होते आणि वाळून चिवट थर धरते, म्हणून ते केसांना लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. तिळाच्या तेलाने केस निसरडे होतात, विंचरताना कमी तुटतात, आणि आपल्या आजींना त्याचा मोठा फायदा झाला असणार.

मोर्णातीर

येथे तेलाची चर्चा चालू आहे, परंतु २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यात काय झाले ते विसरू नका. बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले आणि टक्कल पडले. आधी पाण्यातील नायट्रेट आणि क्षारांवर संशय घेतला गेला, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचे पथक आले. नंतर विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियम या खनिजाच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवले. माझी मावशी त्या भागात आहे आणि त्या दिवसांत तिला झोप लागत नव्हती. ताई, तुम्ही आधी पाणी आणि धान्य तपासून घ्या, मग शाम्पूचे बघा.

गोळ्याऔषधे

आपली काळजी योग्य आहे, तरीही दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. शेगावच्या गावांत केस मुळापासून जात होते. धागाकर्त्या ताईंचे केस पाठीपर्यंत आहेत आणि तिथे थांबले आहेत, टक्कल पडलेले नाही. घरच्या घरी फरक ओळखायचा असेल तर कंगव्यात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवावेत. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो केस मुळातून गळला आहे. गाठ नसलेला आखूड तुकडा असेल तर तो तुटला आहे. गाठवाले केस फार दिसत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्यावे, कारण आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणे ही रोजचीच गोष्ट आहे. आणि केसांसाठी घेतात त्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू असतील तर रक्त देण्याआधी ते सांगावे, कारण थायरॉईडसह काही तपासण्यांचे आकडे त्यामुळे चुकीचे येऊ शकतात.

पळसफूल

मी माझी चूक लिहिते, म्हणजे दुसरे कुणी ती करणार नाही. बहिणीच्या लग्नाआधी मी शहरातील एका पार्लरमध्ये ४,५०० रुपये देऊन केस सरळ करून घेतले. दोन महिने केस आरशासारखे चमकले. तिसऱ्या महिन्यापासून कानाच्या खाली जिथे तापवलेले यंत्र सर्वाधिक वेळा फिरवले होते तिथे केस एका रेषेत तुटू लागले. दोन वर्षे झाली, तो भाग अजून बाकीच्या केसांना गाठू शकलेला नाही. २,४०० चा संच घ्या असे ज्यांनी लिहिले त्यांना मी विनंती करते की ताईंनी महिन्याला ३०० रुपये लिहिले आहेत, ते पुन्हा वाचावे. लग्नसराईत अशा जाहिराती फार येतात, तेव्हा सांभाळा. आणि अकोटच्या ताईंनी म्हटल्याप्रमाणे कात्रीपासून दूरच राहा. माझे उरलेले केस मी तसेच जपले आहेत.

अकोटची_सून

माझा संच केस सरळ करण्याचा नव्हता, ही वेगळी गोष्ट आहे. एक संच पाच महिने पुरतो, म्हणजे महिन्याला ४८० रुपयेच पडतात.

कोसावाली

मी भंडारा जिल्ह्यातील मोहाडीकडची आहे. आमच्याकडे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे कापड विणले जाते. माझ्या आईच्या फाटलेल्या कोशाच्या लुगड्यातून मी उशीचे दोन अभ्रे शिवले आणि रात्री सैल वेणी घालून झोपते. सुती अभ्र्यावर रात्रभर डोके घासले जाते आणि सकाळी मानेजवळ गुंता होतो, तो माझा बंद झाला. याला एक रुपयाही लागला नाही. दुसरे म्हणजे विंचरणे. ओला केस ताणला की लांबतो आणि लवकर तुटतो, म्हणून न्हाल्याबरोबर फणी फिरवू नये. केस अर्धे वाळू द्यावेत, मोठ्या दातांचा लाकडी कंगवा घ्यावा, आधी टोकाकडचा गुंता सोडवावा आणि हळूहळू वर जावे. मी पूर्वी टाळूपासून खाली ओढत असे आणि केस तुटल्याचा आवाज मला ऐकू येत असे. वेणीही कपाळाकडून ताणून घालू नये, रोजच्या ताणाने कडेचे केस विरळ होतात. ताई, तुम्ही शिवणकाम करता, तर कोसा किंवा सॅटिनचा एखादा तुकडा तुमच्याजवळ असेलच. कापूस वेचताना डोक्याला रुमाल बांधत असाल तर त्याच्या आतही तो लावता येईल.

धानपट्टा

तेल लावून वेणी घातली की गुंता होतच नाही, हे मी आधीच लिहिले आहे.

वानकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. औषधांच्या दुकानवाल्या दादांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला घरातच मिळाले. गेल्या वर्षी मे महिन्यात भावाच्या लग्नात मी केसांना मेंदी लावली होती. नंतर पुन्हा लावली नाही. आज शिवणाच्या टेपने मोजले तर मेंदीचा रंग टाळूपासून १४ सेंटीमीटरवर सुरू होतो. म्हणजे तेरा महिन्यांत केस १४ सेंटीमीटर वाढले आहेत. परंतु लग्नाच्या वेळी शिवलेल्या ब्लाउजच्या मागच्या पट्टीपर्यंत केस तेव्हाही येत होते आणि आजही तिथपर्यंतच येतात. जेवढे वरून आले, जवळजवळ तेवढेच खालून तुटले. कागदावर ठेवलेल्या केसांतही गाठ नसलेले तुकडेच जास्त होते. हे कळल्यावर मला रडू आले, कारण माझे केस वाढतच नाहीत असे मी तीन वर्षे समजत होते. आता पाण्याबद्दल कुणी नीट सांगू शकेल का?

खारपाणी

मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यातला शेतकरी आहे. माझे स्वतःचे केस लांब नाहीत, पण पाण्याबद्दल लिहू शकतो, कारण दोन मुलींच्या केसांवरून आमच्या घरात हाच प्रश्न होता. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूजल खारट आणि बऱ्याच ठिकाणी जड आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या बोअरचा आकडा त्याहीपेक्षा वर निघाला. अशा पाण्यात साबणाची वडी डोक्याला लावली तर पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून पांढरा चिकट साका तयार होतो, आणि तोच केसांवर बसतो. केस राठ होतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. शाम्पूने किंवा रिठ्याने असा साका होत नाही, पण क्षार काही प्रमाणात राहतातच.

आम्ही इतकेच केले. मुली बोअरच्या पाण्याने केस भिजवून शाम्पू लावतात आणि शेवटचे धुणे नळाच्या पाण्याने करतात. महिन्यातून दोनदा एका बादलीत अर्धे लिंबू पिळून ते पाणी केसांवरून ओततात आणि मग साध्या पाण्याने धुतात. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या केसांना. कंडिशनरची लहान बाटली दीडशे रुपयांत येते आणि दोन महिने पुरते. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी मिळाले तर त्यासारखे पाणी नाही, माझी आई तेव्हा मुद्दाम न्हात असे.

गोळ्याऔषधे

खारपाणी यांच्याशी मी सहमत आहे. मात्र फाटे फुटलेली टोके दर तीन महिन्यांनी एखादा सेंटीमीटर कापावीत. कापल्याने वाढ वेगाने होत नाही, पण फाटा वर चढत नाही. एकदम जास्त कापू नये, वर्षाची लांबी जाते.

अकोटची_सून

मी पुन्हा सांगते, कात्री लावू नका.

वानकाठ (धागाकर्ती)

मी दोन दिवस विचार केला आणि काल ठरवले. टोकांकडचे केस हातात घेऊन उजेडात पाहिले तर जवळजवळ दहा सेंटीमीटरपर्यंत फाटे आणि पांढरे ठिपके दिसले. ते महिन्याला थोडे थोडे कापत राहिले तर मी पुढची तीन वर्षेही इथेच असेन. म्हणून सर्वांनी नको म्हटले असतानाही मी आज शिवणाच्या कात्रीने नव्हे, तर तालुक्याच्या गावी जाऊन दहा सेंटीमीटर केस कापून आले. ५० रुपये लागले.

कंडिशनर, शाम्पूचा संच, नवे तेल यांपैकी काहीही सध्या घेणार नाही. घरचे तेल धुण्याआधी तासभर लावीन, ते आहेच. दोन महिन्यांचे ६०० रुपये एकत्र करून २०० लिटरचे जुने, धुतलेले पिंप घेतले आहे आणि ते पडवीच्या पत्र्याखाली ठेवले आहे. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यायचे, कारण त्यात पत्र्यावरची धूळ असते, आणि मग पिंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचे कापड बांधून भरायचे. मला एका धुण्याला १५ लिटर पाणी लागते, म्हणजे एक पिंप सहा आठवडे चालेल. पावसाळा संपला की शेवटच्या धुण्यापुरते वानचे पाणी बाजूला ठेवीन. कोसावाली ताईंचा अभ्रा आज रात्रीच शिवते, सॅटिनचा तुकडा सापडला आहे.

टाळूपासून टोकापर्यंतची आजची लांबी टेपने मोजून वहीत लिहिली आहे, ४२ सेंटीमीटर. मेंदीची रेघही लिहून ठेवली. दिवाळीत पुन्हा मोजून येथे कळवते.

धानपट्टा

दहा सेंटीमीटर ऐकून जीव हळहळला. पिंपात माका टाकू नका, पाणी नासते. तेलाची कृती हवी असेल तर कळवा, प्रमाणासह लिहून देईन.