मदत हवी आहे: घरचा ग्रॅनोला पावसाळ्यात सादळतो, आणि ओट्सऐवजी ज्वारी चालेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही भुसावळला राहतो. मुलगी सातवीत आहे आणि सकाळी साडेसहालाच घर सोडते. इतक्या लवकर तिला पोळी-भाजी जात नाही. दह्यात मूठभर ग्रॅनोला (ओट्स, दाणे आणि बिया गोडात भाजून केलेला कुरकुरीत खाऊ) घालून दिला की मात्र आवडीने खाते, आणि मधल्या सुट्टीसाठी डबीत कोरडाच नेते. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. बऱ्याच पाकिटांवर ओट्सच्या पाठोपाठ साखरच दिसली, म्हणून मी घरीच करायला घेतला.

माझं प्रमाण असं: तीन वाट्या रोल्ड ओट्स, वाटीभर अर्धवट कुटलेले शेंगदाणे, पाव वाटी तीळ, पाव वाटी जवस, थोड्या भोपळ्याच्या बिया. पाऊण वाटी गूळ पाण्यात विरघळवून घेते, त्यात चार चमचे शेंगदाणा तेल, चिमूटभर मीठ आणि एक पिकलेलं केळं कुस्करून. जळगाव जिल्ह्यात राहून केळं घालायचं नाही, हे मला जमत नाही! ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर २५ मिनिटं ठेवते. कडा लाल होतात, पण मधला भाग मऊच राहतो. उन्हाळ्यात इथे पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा डब्यात ठेवूनही तो हळूहळू वाळायचा. पाऊस लागला आणि आता दुसऱ्या दिवशीच सादळतो.

दुसरं असं, की आमच्या शेतात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, होते. घरात ज्वारीची पोती असताना ओट्स विकत आणणं मनाला पटत नाही. दादरचं काही करता येईल, की ज्वारीचे पोहे विकतच घ्यावेत? आणि सासऱ्यांना शुगर आहे. गुळाचा आहे म्हणून त्यांना दिला तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, केळ्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. त्यात तुमच्या गुळाचंही पाणी. हे सगळं उडायच्या आत १८० अंशांवर कडा करपायला लागतात, त्यामुळे आतला ओलावा आतच राहतो. ओटीजी १५० वर ठेवा आणि ३५-४० मिनिटं द्या. ट्रेमध्ये थर पातळ पसरा, मध्ये एकदा कडेचं आत आणि आतलं कडेला करा. बाहेर काढताना थोडा मऊ लागेल, घाबरू नका, कुरकुरीतपणा थंड झाल्यावर येतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, नाहीतर आतल्या वाफेनेच सादळेल. गूळ पाण्याशिवाय तेलातच मंद आचेवर वितळवा. गूळ मुळातच हवेतलं पाणी ओढतो, म्हणून पावसाळ्यात पाऊण वाटीऐवजी अर्धी वाटी पुरे. केळं खाताना वरून चिरून घाला, चवही जास्त लागते.

सादळलेला टाकू नका. १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवून गार केला की पुन्हा कुरकुरीत होतो.

प्रतिसाद:

मी धुळ्याची. आमच्याकडे ओव्हन नाही, कढईतच करते. ज्वारीचे पोहे मंद आचेवर हातात चुरा होईपर्यंत भाजायचे. दाणे, तीळ, जवस वेगवेगळे भाजायचे, कारण तीळ आधी तडतडतात आणि दाण्यांना वेळ लागतो. मग चिक्कीसारखा गुळाचा पाक करायचा. थेंब थंड पाण्यात टाकल्यावर टणकन तुटला पाहिजे. वाकला तर पाक कच्चा, आणि असा ग्रॅनोला पावसात हमखास चिकट होणार. सगळं पटकन कालवून ताटात पसरा. मनुका असतील तर शेवटी घाला, भाजल्या की कडक होतात.

पोह्यांसाठी दाणा शिजवून यंत्रात चपटा करावा लागतो, ते घरी नीट होत नाही, तेवढे विकत घ्या. दादरच्या लाह्या फुटतात का ते मात्र मूठभर दाणे कढईत टाकून जरूर बघा. फुटल्या तर निम्मे ओट्स काढून त्या घाला. मात्र लाह्या पाकात कालवू नका, लगेच बसतात. ग्रॅनोला गार झाल्यावर मिसळा. शेंगदाणे आणि जवस खवट लवकर होतात, म्हणून आठवड्यापुरताच करा.

सासऱ्यांबद्दल कळकळीने सांगते. गूळ म्हणजेही साखरच, रक्तातली साखर त्यानेही वाढते, मधानेही वाढते. त्यांच्यासाठी पाक घालण्याआधीच भाजलेले दाणे, तीळ, जवस आणि थोडे पोहे बाजूला काढा आणि दह्यातून द्या. किती द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, कारण पोहे-ओट्सही पिष्टच आहेत.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघींचे मनापासून आभार. सासऱ्यांचा वाटा आता वेगळा काढते. एक राहिलं: गूळ कमी केल्यावर गठ्ठे धरत नाहीत आणि मुलीला डबीत गठ्ठेच हवे असतात. अंडं आमच्याकडे चालत नाही. दुसरं काय घालता येईल?

प्रतिसाद:

दोन चमचे जवसाची पूड तीन-चार चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, चिकट होते. ती गूळ-तेलात मिसळा, ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने घट्ट दाबा आणि मध्ये हलवू नका. थोडं पाणी आल्यामुळे पाच-सात मिनिटं जास्त लागतील. गार झाल्यावर हाताने तुकडे करा.