पुणे देशात पहिलं आलं होतं म्हणे! मग राहणं किती बरं आहे, हे मोजायचं कुणी आणि कुठे?

मुठेकाठचा:

२०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने १११ शहरांची 'ईज ऑफ लिव्हिंग' यादी काढली. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. आपल्याकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. २०२१ च्या मार्चमध्ये पुढची यादी आली, त्यात दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि आपण दुसरे. मग टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या संथ वाहतुकीच्या यादीत पुणे जगात चौथं, म्हणजे दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. हे सगळे आकडे आपापल्या जागी खरेच असतील. पण त्यातला एकही वाचून मला माझ्या गल्लीबद्दल काहीही कळत नाही.

पहिल्या यादीत १०० पैकी ४५ गुण भौतिक सुविधांना होते, आर्थिक बाजूला फक्त ५. हे कुणी ठरवलं? माझ्या आईला विचारलं तर ती निम्मे गुण पदपथाला देईल, कारण गेल्या पावसाळ्यापासून तिचं मंडईत चालत जाणं बंद झालंय.

मुळात अख्खं शहर एकदम मोजणं हेच चूक आहे असं माझं मत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष शहराच्या सरासरीवर लावला की सगळं छान दिसतं, आणि तिकडे सोसायट्या टँकरचं बिल भरतात. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गुलियन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तीही याच नव्या गावांपैकी नांदेड, किरकटवाडीच्या बाजूला, पेठांत नाही. तेव्हा प्रत्येक प्रभागाने आपले आठ-दहा प्रश्न स्वतः ठरवावेत आणि दरवर्षी तेच, त्याच पद्धतीने मोजावेत. रँक नको, तुलना आपलीच आपल्या गेल्या वर्षाशी.

आकडेमोड:

धागा चांगला, पण मत पटलं नाही. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिका स्वतः काढायची, तपासायचीही स्वतःच, आणि घरी जाऊन सांगायचं की गेल्या वर्षीपेक्षा बरे मार्क पडले! सामायिक मोजपट्टी नसेल तर धायरीला औंधपेक्षा कमी मिळतंय हे सिद्ध कसं करणार? तुम्ही सरासरीला नावं ठेवताय, पण ती फसवी आहे हे कळलं ते दोन्ही भागांत लिटरच मोजले म्हणून. एकाने लिटर मोजले आणि दुसऱ्याने 'समाधान', तर भांडायलाही काही हातात उरत नाही.

आणि लोकांना विचारलंच नव्हतं असं नाही. दुसऱ्या यादीत ३० टक्के वजन नागरिकांच्या मतांना होतं, ३२ लाखांवर लोकांनी उत्तरं दिली. माझा आक्षेप वेगळाच आहे. दोन याद्यांमध्ये पद्धतच बदलली, त्यामुळे पहिल्याचे दुसरे झालो म्हणजे घसरलो की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

पेठेतला_वाडा:

गुरुवारी पाणी बंद असताना सर्वेक्षण करा, आम्ही शेवटून पहिले येऊ. शुक्रवारी या, पुन्हा पहिले.

वसाहतीतली:

पेठेतल्या वाड्याने गंमत केली, पण मुद्दा तोच आहे. विचारता कुणाला?

मी पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहते. आमच्याकडे सार्वजनिक शौचालय आहे, म्हणजे कुठल्याही यादीत आमच्यापुढे बरोबरची खूणच पडणार. आता आतली गोष्ट ऐका. बायकांच्या बाजूचे दोन दरवाजे आतून लागत नाहीत. बाहेरचा दिवा गेला की महिना महिना जातो. त्यामुळे रात्री नऊनंतर मुली एकट्या जात नाहीत, आणि संध्याकाळी चहा नको म्हणतात. चहा का नको, हे कुठल्या फॉर्ममध्ये भरू? 'शौचालय उपलब्ध आहे का' याला आमचं उत्तर 'हो'च येणार.

म्हणून मुठेकाठचा यांच्याशी सहमत, पण अर्धीच. प्रभागाने प्रश्न ठरवायचे म्हणजे शेवटी सोसायटीवाले ठरवणार. बैठक रविवारी सकाळी अकराला असते. तेव्हा आम्ही कामावर असतो, बहुतेक तुमच्याच घरी.

आकडेमोड:

@वसाहतीतली, तुमचा दिवा मोजता येतो हो. किती दिवस बंद, तक्रार कधी केली, कधी लागला. हाच कोरडा आकडा मला हवाय. नुसतं 'तुम्ही समाधानी आहात का' विचारलं तर वेगळाच घोळ होतो. वर्षानुवर्षं टँकरवर काढलेला माणूस 'पाणी ठीक आहे' म्हणतो आणि कोथरूडकर एक गुरुवार पाणी गेलं की 'अतिशय असमाधानी'वर टिचकी मारतो. ज्याला कमी मिळतं त्याची अपेक्षाही कमी झालेली असते. मतांवर भिस्त ठेवलीत तर ज्यांच्यासाठी मोजायचं तेच सगळ्यात सुखी निघतील.

वसाहतीतली:

हे मात्र खरं. आमच्या सासूबाई सगळ्याला 'बरं आहे' म्हणतात.

नगरकर:

शहरवाल्यांच्या चर्चेत गावाकडचं एक उदाहरण टाकतो. आमच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती, पिण्याला, जनावरांना किती लागेल, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी झाला तर जादा पाण्याची पिकं नाहीत. शेतीसाठी बोअर घ्यायला तर बंदीच. तिथे मोजणी चालते, कारण आकडा आला की त्याच बैठकीत निर्णय होतो आणि तो मोजणाऱ्यालाच पाळावा लागतो.

उलट आता पंचायतींचा जो निर्देशांक आलाय, नऊ विषय आणि पहिल्या फेरीत चारशेवर निर्देशक, त्याची माहिती कुणीतरी संगणकासमोर बसून भरतो. गावात कितीजणांना आपल्या पंचायतीचे गुण माहीत आहेत, विचारून बघा.

बिनकामाचा_सल्ला:

हिवरे बाजार दर चर्चेत येतं, छान आहे, पण प्रमाण बघा राव. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. २०११ ची लोकसंख्या धरली तरी प्रभागाला सरासरी ८० हजारांच्या वर माणसं. कसली ग्रामसभा घेता? मैदान कुठाय? कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागाच्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, तुमच्यापैकी कोण गेलंय कधी? मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तर नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. त्या काळात आकडे काढून दाखवायचे कुणाला होते?

माझ्या मते दहा निर्देशकांचा खटाटोप नको. एकच मोजा: तक्रार केल्यापासून काम होईपर्यंत किती दिवस लागले. बाकी सगळं त्यात येतं.

मुठेकाठचा:

@बिनकामाचा_सल्ला, सगळं नाही येत. जो तक्रारच करत नाही त्याचे दिवस शून्य धरणार का? वसाहतीतली यांच्या सासूबाई तुमच्या हिशेबात सगळ्यात सुखी नागरिक ठरतील.

पण नगरकरांचा मुद्दा घेतो, आकड्यापाठोपाठ निर्णय हवा. पुण्यात त्याला एक जागा आहे. पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ च्या सुमारापासून आहे, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात मी तरी बाकडी आणि नामफलकच जास्त सुचवलेले पाहिलेत, कारण काय हवंय हे मोजलेलंच नसतं. आधी मोजणी, मग फॉर्म, असा क्रम लावला तर दिवा आणि कडी त्या यादीत वर येतील.

आणि आकडेमोड, तुमचं अर्धं ऐकतो. पाच प्रश्न सगळ्या प्रभागांना सारखे, तेही दिवसांत आणि लिटरमध्ये. बाकीचे पाच स्थानिक.

आकडेमोड:

हे चालेल. पण मग घरं कशी निवडणार? उत्साही लोकच फॉर्म भरणार असतील तर सगळं मुसळ केरात.

मुठेकाठचा:

मतदार यादी घ्यायची, दर पन्नासाव्या घरी जायचं. सोपं आहे.

वसाहतीतली:

यादीवरून नको. आमच्या गल्लीत निम्मे भाडेकरू आहेत आणि त्यांची नावं अजून गावाकडच्या यादीत. गल्लीच्या तोंडापासून दारं मोजत या, आणि संध्याकाळी सातनंतर या. त्याआधी आमच्याकडे दार उघडायला फक्त सासूबाई असतात.