मदत हवी आहे: ग्रॅपलिंगमध्ये ताकद लावण्याची सवय कशी मोडावी?

६ वर्षे शरीरसौष्ठवाचा सराव केल्यानंतर मी ३ महिन्यांपूर्वी ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवरच्या पकडींची कुस्ती, म्हणजेच ग्रॅपलिंगचा एक प्रकार) शिकू लागलो असून आठवड्यातून ३ दिवस वर्ग आणि ४ दिवस व्यायामशाळा असा क्रम आहे. साइड कंट्रोलखाली (प्रतिस्पर्धी बाजूने आडवा होऊन छातीवर दाबून धरतो ती स्थिती) अडकलो की कंबर सरकवून जागा करण्याऐवजी मी प्रतिस्पर्ध्याला हातांनी वर ढकलतो, त्यामुळे दुसऱ्याच मिनिटाला दमतो आणि सरळ झालेला हात नेमका आर्मबारमध्ये (कोपर उलट दिशेने ताणणाऱ्या पकडीत) सापडतो. श्वास रोखून न धरणे आणि हलक्या जोडीदाराबरोबर संथपणे खेळणे हे दोन्ही करून पाहिले. दम थोडा टिकू लागला, सवय मात्र सुटली नाही. वजन ९२ किलो आहे, दुखापत नाही, व्यायामशाळा पूर्णपणे सोडायची नाही. याच वाटेने आलेल्यांनी ही सवय कोणत्या ठरावीक सरावाने मोडली, आणि वजने उचलण्याचे दिवस वर्गांभोवती कसे बसवले?