प्रोब लावला की कॉइल बदलते

कॉइलचा स्वतःचा रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला ती सर्वात जोरात प्रतिसाद देते) शोधायला सिग्नल जनरेटरची फ्रिक्वेन्सी फिरवत कॉइलच्या टोकांवर स्कोपने (ऑसिलोस्कोपने) व्होल्टेजचं शिखर शोधायचं, असं सुचवलं जातं; ते तत्त्वतः बरोबर. पण प्रोबची, म्हणजे स्कोपच्या मोजायच्या तारेची, कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवायची क्षमता) त्या सर्किटमध्ये येते. १०एक्सवरच्या (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवरच्या) प्रोबची १०-१५ पिकोफॅरड सहज असते, १एक्सवर तर शंभराच्या आसपास! कपॅसिटन्स वाढली की रेझोनन्स खाली सरकतो: कॉइलची स्वतःची ५ पिकोफॅरड आणि प्रोबची १२ धरली, तर खरा रेझोनन्स १० मेगाहर्ट्झला असताना स्कोपवर शिखर जेमतेम ५.४ ला दिसेल. आणि आपण चूक कॉइलच्या वेढ्यांत आहे समजून बसतो ते मोजत.

मी आता कॉइलला काहीच जोडत नाही. जनरेटरच्या टोकाला दोन वेढ्यांचा लूप, तो कॉइलच्या तळाशी. प्रोबचं टोक वरच्या टोकापासून दोनेक सेंटीमीटर लांब, हवेतच. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये मिळतो, पण शिखर टोकदार येतं. प्रोब आणखी लांब नेल्यावरही आकडा हलला नाही, की तोच घ्यायचा.