ब्रिटन बाहेर पडताना सरकारला जाब कोणी विचारला?

देवगडचो बागवालो: 2014 साली युरोपीय संघाने हापूसवर बंदी घातली, तेव्हा कळलं की लंडनच्या आंब्याचे नियम संघाच्या मुख्यालयात, ब्रुसेल्समध्ये ठरतात. पुढे ब्रिटन संघातून बाहेर पडला. त्या वाटाघाटींत सरकार मनाला येईल ते करू शकत होतं का? पडवीत पेट्यांना गवत भरता भरता हाच वाद चाललाय.

रत्नागिरीचा वकील: नाही. जानेवारी 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 3 मतांनी बजावलं, संसदेने कायदा केल्याशिवाय कलम 50 ची, म्हणजे संघ सोडण्याची, नोटीस देता येणार नाही.

मालवणी माणूस: पण सौदो करताना आपले पत्ते सगळ्यांका दाखवूचे काय?

रत्नागिरीचा वकील: समोरच्याला नको, पण घरच्यांना? बाहेर पडण्याच्या कराराबद्दलचा कायदेशीर सल्ला संसदेला पूर्ण दिला नाही म्हणून 4 डिसेंबर 2018 ला खासदारांनी 311 विरुद्ध 293 मतांनी सरकारला सभागृहाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं. दुसऱ्याच दिवशी तो छापावा लागला! जानेवारीत करारही 432 विरुद्ध 202 ने आपटला.

देवगडचो बागवालो: आणि आपल्याकडे? नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने आरसेपला, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराला, नकार दिला. निर्णय मला पटला, पण संसदेत मतदान कुठे झालं?