धावण्यावरचे सिनेमे आणि आपल्याकडचे धावणारे : अनुभव लिहा

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या विदर्भातल्या गावागावांत पहाटेच डांबरी रस्ता पोरापोरींनी भरून जातो. यातल्या बऱ्याच जणांनी धावण्यावरचा एखादा तरी सिनेमा पाहिलेला असतो. त्यातलं नेमकं काय तुमच्या धावण्यात उतरलं, ते सांगा. नुसतं ‘प्रेरणा मिळाली’ नको.

मेहकरकडून
‘लता भगवान करे’ आम्ही घरी सासूबाईंसोबत पाहिला. लताबाई मूळच्या आमच्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी बारामतीच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. 2020 च्या या सिनेमात त्यांची भूमिका त्यांनीच केली. सासूबाई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर म्हणाल्या, “जाय तू, लेकराकडे मी पाहतो.” लग्नानंतर सुटलेलं धावणं तिथून परत सुरू झालं. मी बूट घालूनच पळते. लताबाईंचं अनवाणी पळणं नाइलाजाचं होतं, ते मुद्दाम गिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

वर्ध्याजवळून
मी भरतीच्या पोरांचा सराव घेतो. ‘भाग मिल्खा भाग’मधला बनियन पिळून घाम काढायचा प्रसंग सगळ्यांना पाठ. मग मे महिन्यात भर दुपारी पळायला निघतात! बाप्पा, आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात जिवावर बेतते. सराव सूर्य वर यायच्या आत संपवायचा, सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवायचं. मिल्खासिंगांकडून घ्यायचं ते वेगळंच. 1960 साली रोमला 400 मीटरमध्ये ते चौथे आले, कांस्यपदक सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागानं हुकलं. म्हणून मी पोरांना रेषेच्या चांगलं पुढे उभा राहून हाका मारतो. रेष जवळ आली की पाय आपोआप ढिले पडतात, 1600 मीटरला तिथंच गुण जातात.

मेळघाटातून
शाळेत ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ दाखवला. बुटांसाठी तिसरा नंबर हवा असलेला अली पहिला येऊन रडतो, तेव्हा आमची पोरंही रडली. बूट नसणं त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

यवतमाळकडून
‘पानसिंग तोमर’ पाहिल्यावर स्टीपलचेस कळली. 3000 मीटर, 28 अडथळे, वर 7 पाण्याच्या उड्या. पाण्याचा खड्डा अडथळ्याला लागून खोल असतो अन् पुढे उथळ होत जातो. म्हणून अडथळ्यावर पाय टेकवून लांब झेपावलं तर पाणी कमी लागते. मी हे शेताच्या धुऱ्यावरून नाली ओलांडत करून पाहतो. बीडचा अविनाश साबळे यातच 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. आपल्या भागात याचा नीट सराव कोणी घेते का? ठाऊक असेल तर सांगा भाऊ.