मदत हवी आहे: पाणीवाटपाची मागणी प्रभाग समितीमार्फत महापालिकेच्या अंदाजपत्रकापर्यंत कशी न्यावी? (सोलापूर)

नमस्कार.

मी सोलापूरच्या हद्दवाढ भागात, जुळे सोलापूर परिसरात राहतो. आमच्या आणि शेजारच्या काही सोसायट्यांतील रहिवाशांनी मिळून पाणीवाटपाविषयी एक निवेदन तयार करायला घेतले आहे. ते कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या स्वरूपात दिले असता पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात त्याचा खरोखर विचार होऊ शकेल, याविषयी महापालिकेचा कायदा व कामकाज जवळून पाहिलेल्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. प्रश्न थोडा तपशिलाचा आहे, म्हणून पार्श्वभूमी आधी सांगतो.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोघांचेही अधिकार प्रशासकांकडेच असल्याने अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते, आणि एखाद्या वसाहतीने आपली गरज कोणामार्फत मांडावी, याचे उत्तर अर्जाच्या पलीकडे जात नव्हते. आता 26 प्रभागांतून 102 नगरसेवक निवडून आलेले आहेत. सभागृह पुन्हा भरू लागले आहे, तेव्हा नागरिकांनीही आपली बाजू अभ्यास करून आणि वेळेत मांडली पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता मूळ विषय. सोलापूरकरांना पाण्याबद्दल नव्याने काही सांगायला नको. पाणी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येते आणि ज्या दिवशी येते त्या दिवशीची वेळही पुढे-मागे होते. आमच्या गल्लीत चावीवाला रात्री उशिरा आला की रस्त्यातल्या चौकोनी खड्ड्यावरचे झाकण सरकवल्याचा आवाज होतो, तो लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हला लावून फिरवतो आणि पाच-दहा मिनिटांत प्रत्येक घरातली मोटार सुरू होते. ज्यांचे हौद मोठे आणि मोटार दमदार, त्यांच्याकडे पाणी भरभरून जाते. लाइनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत नळाला नुसती हवा येते. मोटार थेट लाइनीला लावू नये हे सर्वांना माहीत आहे, पण दाबच पुरेसा नसल्यावर एकट्याने नियम पाळणाऱ्याची बादली रिकामी राहते. हे चित्र केवळ आमच्याकडचे नाही. शहराच्या पूर्वेकडील नीलमनगरसारख्या भागांत तर विडी वळणाऱ्या बायकांना पाण्याच्या दिवशी कामावर पाणी सोडावे लागते, कारण त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि नळाजवळ घालवलेल्या वेळेत विडी वळली जात नाही. आमच्या निवेदनात हौद आणि टाक्या असलेल्या वसाहतींचीच सोय पाहिली जाऊ नये, म्हणून त्या भागातील मंडळींशीही आम्ही बोलत आहोत.

निवेदनात नेमके काय मागावे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. ‘रोज पाणी द्या’ एवढीच मागणी अनेकांना पुरेशी वाटते. माझे मत वेगळे आहे आणि ते येथे मांडतो, म्हणजे चुकत असल्यास कोणी दुरुस्त करील. शहराला पाणी तीन ठिकाणांहून मिळते: उजनी धरणातून थेट जलवाहिनीने पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रात, भीमेच्या पात्रातून टाकळीमार्गे सोरेगावला, आणि हिप्परगा तलावातून भवानी पेठेच्या केंद्रात. यांपैकी टाकळीचा बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते आणि ते मैलोन्‌मैल वाहत येताना शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी खर्ची पडते. उजनीहून 170 दशलक्ष लिटर क्षमतेच्या समांतर जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले, त्यामागे हेही एक कारण होते. परंतु शहराच्या वेशीपर्यंत जास्त पाणी आले म्हणजे ते आपोआप प्रत्येक नळाला पोहोचते असे नाही. जलकुंभ पुरेसे हवेत, प्रत्येक जलकुंभाखालचा भाग निश्चित हवा, जुन्या गळक्या वाहिन्या बदलायला हव्यात आणि हद्दवाढ भागात, जो 1992 मध्ये शहरात आला, अंतर्गत वितरणाचे जाळे पूर्ण हवे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दररोज 135 लिटर हे प्रमाण धरले जाते; ते गाठायचे तर खर्चाचा मोठा वाटा या शेवटच्या टप्प्यावर पडायला हवा. म्हणून आमच्या जलकुंभाखालील वितरणाच्या कामाला भांडवली खर्चात नावानिशी तरतूद मिळावी आणि पाणी सोडण्याचे वेळापत्रक जलकुंभनिहाय आगाऊ जाहीर व्हावे, अशी नेमकी मागणी करावी, असे मला वाटते.

आता जिथे आम्ही अडलो आहोत ते सांगतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 29-अ मध्ये प्रभाग समित्यांची तरतूद आहे. माझ्या वाचनाप्रमाणे या समितीत त्या क्षेत्रातील नगरसेवक, प्रभागाचे अधिकारी आणि मान्यताप्राप्त स्वयंसेवी वा वस्ती पातळीवरील संस्थांचे तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य असतात. पाणी, ड्रेनेज, साफसफाई यांच्या तक्रारींचा जलद निपटारा करणे, आपल्या प्रभागांशी संबंधित खर्चाच्या अंदाजांवर आयुक्तांकडे जाण्यापूर्वी शिफारस करणे आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणे, ही तिची कामे आहेत. यातील दुसरे काम आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पण ही शिफारस प्रत्यक्षात कधी आणि कशी होते? समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नागरिकांचे निवेदन घ्यायचे असेल तर ते समितीच्या सभापतींना द्यावे, विभागीय कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी, की एखाद्या नगरसेवकाने ते प्रस्ताव म्हणून मांडणे आवश्यक असते? तीन नामनिर्देशित सदस्यांसाठी आमच्यासारखा सोसायट्यांचा समूह अर्ज करू शकतो का, आणि त्यासाठी संस्थेची नोंदणी कोणत्या स्वरूपाची असावी लागते?

दुसरी अडचण बहुसदस्यीय प्रभागाची. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. मतदाराला चार मते देण्याचा हक्क मिळतो हे खरे, पण एखाद्या कामाचा पाठपुरावा नेमका कोणी करायचा हे ठरलेले नसते. चौघांच्या सहीचे संयुक्त पत्र मिळवणे उत्तम, असे आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांचे म्हणणे आहे. चौघे एकाच पक्षाचे नसले तर ते कितपत शक्य असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे. 2009 च्या दुरुस्तीने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे एका किंवा काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील सर्व मतदारांची सभा. चार नगरसेवकांच्या प्रभागात अशा सभेचे अध्यक्षपद कोणाकडे जाते आणि राज्यातील कोणत्या शहरात ती नियमितपणे भरलेली कोणी पाहिली आहे का, हेही समजून घ्यायचे आहे.

पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवणारे अर्ज घेतले जातात आणि क्षेत्रीय कार्यालयांच्या पातळीवर त्यांची छाननी होते. येथे पुण्याचे बरेच सभासद आहेत. ज्यांनी असा अर्ज भरला आहे, त्यांनी अर्जासोबत काय जोडले, कामाचा खर्चाचा अंदाज स्वतः द्यावा लागतो की अभियंता तयार करतो, आणि सुचवलेले काम नाकारले गेल्यास कारण कळवतात का, हे कृपया लिहावे. सोलापुरातही अशी पद्धत सुरू करावी, अशी वेगळी मागणी आम्ही महापौर व आयुक्तांकडे करणार आहोत आणि त्यासाठी पुण्यातील अर्जाचा नमुना फार उपयोगी पडेल.

शेवटचा मुद्दा वेळेचा. कायद्यानुसार कराचे दर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, आयुक्तांचे अंदाजपत्रक स्थायी समितीकडे जाते आणि तेथून सर्वसाधारण सभेकडे. एकदा ते आयुक्तांकडून स्थायी समितीपुढे गेले की नवीन काम घालणे अवघड होत असावे, असा आमचा अंदाज आहे. म्हणून दिवाळीच्या आधीच निवेदन देण्याचा विचार आहे. पाणीपुरवठा विभाग आपल्या मागण्या लेखा विभागाकडे साधारण कोणत्या महिन्यात पाठवतो, हे महापालिकेत नोकरी केलेल्या कोणी सांगितल्यास तारीख पक्की करता येईल. जलकुंभाची क्षमता, त्याखालील नळजोडण्या आणि मागील तीन वर्षांत त्या भागातील वाहिन्यांवर झालेला खर्च, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागवणार आहोत. त्या अर्जात आणखी कोणते मुद्दे घ्यावेत, तेही सुचवावे. कोणाकडे प्रभाग समितीला दिलेल्या आणि मंजूर झालेल्या निवेदनाची प्रत असेल, तर नावे व पत्ते काढून ती येथे दिल्यास आम्ही आमचा मसुदा तिच्याशी ताडून पाहू.